तेलातलं मेण, मेणातलं तेल

प्रश्न : मी उरणला राहतो. मुंबई हायचं तेल समुद्राखालच्या पाईपलाईनमधून आमच्याकडे किनाऱ्याला लागतं. तिथे नोकरी केलेले एक शेजारी सांगतात, की हे तेल मेणचट असतं आणि गार झालं की थिजतं. मग मेण विरघळवणारं एखादं सॉल्व्हंट ओतून ते मेण विहिरीवरच का काढून टाकत नाहीत? की काढतात? आणि काढलेलं मेण जातं कुठे?
— एक वाचक, उरण

उत्तर : शेजाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे. मुंबई हायचं तेल दिसायला पातळ आणि वजनाला हलकं असलं, तरी साधारण ३० अंश सेल्सिअसच्या खाली ते वाहायचं थांबतं. आता आपल्या प्रश्नाचं सरळ उत्तर. सॉल्व्हंट, म्हणजे विद्रावक, वापरून मेण काढतात, पण अख्ख्या कच्च्या तेलातून नाही. विहिरीत आणि पाईपमध्ये जे मेण चिकटून बसलं असेल तेवढंच विद्रावकाने धुतात. बाकीचं मेण तेलाबरोबर तसंच रिफायनरीपर्यंत नेतात, आणि तिथेही मुख्यतः वंगणासाठी वेगळ्या केलेल्या भागातूनच ते बाहेर काढतात.

या दोन ठिकाणी विद्रावकाचं काम एकमेकांच्या अगदी उलट असतं. विहिरीत त्याने मेण विरघळवायचं असतं. रिफायनरीत त्याने मेणाला हात न लावता बाकीचं तेल विरघळवायचं असतं. हे ध्यानात घेतलं की पुढचा उलगडा सोपा होतो. आपल्या पत्रात दडलेले प्रश्न एकेक करून घेऊ.

प्र. मुळात तेलात मेण येतं कुठून?

कच्चं तेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या हजारो निरनिराळ्या रेणूंचं मिश्रण. त्यातले काही रेणू म्हणजे कार्बनच्या सरळ, फांद्या न फुटलेल्या साखळ्या. त्यांना पॅराफिन म्हणतात. साखळी आखूड असेल तर तो पदार्थ वायू किंवा पातळ द्रव असतो. ती लांबत गेली, की वितळणबिंदू चढत जातो. सोळा कार्बनची साखळी १८ अंशांना वितळते, वीस कार्बनची ३७ अंशांच्या आसपास आणि तीस कार्बनची ६६ अंशांच्या आसपास. साधारण वीस ते चाळीस कार्बनच्या या साखळ्या म्हणजेच बाजारातल्या मेणबत्तीचं मेण. मधमाशीचं मेण रसायन म्हणून निराळं. त्यात ऑक्सिजनही असतो.

सगळ्या तेलांत मेण सारखं नसतं. जमिनीवरच्या झाडांच्या पानांवर जो मेणचट थर असतो त्यापासून, किंवा प्राचीन सरोवरांतल्या शेवाळापासून जे तेल बनलं, त्यात ते जास्त आढळतं. राजस्थानात बाडमेरचं तेल अशाच सरोवरातल्या गाळातून आलेलं आहे, आणि देशातल्या सर्वांत मेणचट तेलांत त्याची गणना होते. आसामचं तेलही मेणाबद्दल प्रसिद्ध आहे.

प्र. तेल थिजतं तेव्हा नेमकं काय होतं?

हिवाळ्यात खोबरेल बाटलीत थिजतं तेव्हा जवळजवळ सगळं तेलच गोठलेलं असतं. कच्च्या तेलाचं तसं नसतं. ते गार होऊ लागलं, की आधी सर्वांत लांब साखळ्या एकमेकींना बिलगतात आणि मेणाचे बारीक, चपटे स्फटिक दिसू लागतात. आणखी गार झालं की हे स्फटिक एकमेकांत अडकून जाळी धरतात, आणि उरलेलं पातळ तेल त्या जाळीत कोंडलं जातं. शंभरातले दोन-चार भाग घट्ट झाले तरी एवढं पुरतं. नव्वदाहून जास्त भाग द्रवरूप असूनही सगळं तेल जागच्या जागी थांबतं. त्याच्या जरासं आधीचं, म्हणजे तेल जेमतेम वाहू शकतं ते शेवटचं तापमान, तेलवाल्यांच्या भाषेत ‘पोअर पॉइंट’.

भूगर्भात हे घडत नाही, कारण तिथे ऊब असते आणि दाबही असतो. तेल विहिरीतून वर येऊ लागलं, की दोन गोष्टी एकदम होतात. एक तर ते गार होतं. दुसरं म्हणजे दाब उतरल्यामुळे त्यात विरघळलेला वायू सुटून जातो. हा वायू आणि तेलातले हलके घटक हेच मेणाचे निसर्गाने दिलेले विद्रावक. ते उडून गेले, की मेणाला विरघळून राहायला जागा उरत नाही आणि ते विहिरीतल्या नळीच्या आतल्या बाजूला थरावर थर चढवत बसतं. क्षेत्र जुनं होऊन दाब घटला, की हा त्रास बळावतो तो यामुळेच.

प्र. मग शेकडो किलोमीटरच्या पाईपलाईनमधून हे तेल जातं कसं?

मेण न काढता. त्यासाठी तीन उपाय आहेत, आणि आपल्या देशात तिन्हींची चांगली उदाहरणं आहेत.

पहिला उपाय म्हणजे तेल गरम ठेवणं. बाडमेरचं मंगला क्षेत्र २००४ मध्ये सापडलं आणि २९ ऑगस्ट २००९ रोजी तिथलं उत्पादन सुरू झालं. त्या तेलाचं भूगर्भातलं तापमान साधारण ६५ अंश, आणि त्यात काही अंशांचीच घट झाली की मेण दिसू लागतं. ४० अंशांच्या आसपास ते थिजतंच. वाळवंटातली थंडीची रात्र लक्षात घेतली, तर उघड्या पाईपमध्ये एकदा थांबलेलं असं तेल पुन्हा हलवणं किती अवघड, याची कल्पना येईल. म्हणून तिथून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ६७० किलोमीटरची पाईपलाईन टाकली ती उष्णतारोधक आवरण चढवलेली आणि संपूर्ण लांबीभर विजेने तापवता येईल अशी. मुख्य पाईपला चिकटून एक बारीक पोलादी नळी बसवलेली असते आणि तिच्यातून तार जाते. प्रत्यावर्ती प्रवाह सोडला, की तो नळीच्या आतल्या पातळ थरातूनच परततो आणि नळी तापते. ती ऊब तेलापर्यंत पोचते. वाटेतल्या केंद्रांवरून हा पुरवठा होत राहतो आणि तेल ६५ अंशांच्या वर ठेवलं जातं.

दुसरा उपाय जास्त चलाख आहे. मेण काढायचं नाही, फक्त त्याच्या स्फटिकांचा आकार बदलायचा. आसामातल्या नहरकटियापासून बिहारमधल्या बरौनीपर्यंत ११५७ किलोमीटरची पाईपलाईन १९६०च्या दशकात सुरू झाली. तिच्यात सोडण्याआधी तेल ९५ अंशांच्या आसपास तापवून मग ठरलेल्या गतीने सावकाश गार करत. असं केलं, की स्फटिक मोठे आणि सुटे सुटे बनतात. त्यांची जाळी धरत नाही आणि तेल वाहतं राहतं. पुढे हेच काम करणारी रसायनं आली. त्यांना पोअर पॉइंट डिप्रेसंट म्हणतात. हे लांब साखळ्यांचे कृत्रिम बहुवारिक पदार्थ. ते मेणाच्या स्फटिकात शिरून त्याची वाढ वाकडी करतात. दहा लाख भाग तेलात काही शे भाग एवढी अल्प मात्रा बहुधा पुरते. मेण जितकं होतं तितकंच राहतं. फक्त ते एकमेकांत अडकत नाही.

तिसरा उपाय अगदी सरळ, तो म्हणजे खरवडणं. पाईपच्या आत घट्ट बसेल असा एक ठोकळा तेलाच्याच दाबाने पुढे ढकलतात. त्याला ‘पिग’ म्हणतात. तो भिंतीवरचं मेण खरवडत जातो आणि दुसऱ्या टोकाला बाहेर येतो. मुंबई हायसारख्या समुद्राखालच्या पाईपलाईनना हा उपाय अटळ असतो, कारण समुद्रतळाचं पाणी त्या तेलाच्या थिजण्याच्या तापमानापेक्षा थंड असतं. त्यातच मेणाचा थर पाईपच्या थंड भिंतीवरच आधी धरतो.

प्र. म्हणजे विहिरीवर सॉल्व्हंट वापरतच नाहीत?

वापरतात, पण तुंबलेली नळी मोकळी करण्यापुरतं. त्यासाठी झायलीन आणि टोल्यूइन हे नेहमीचे. रंगाच्या थिनरमध्येही ते असतात. शिवाय डिझेल किंवा विहिरीतूनच मिळणारं हलकं तेल वापरतात. विद्रावक विहिरीत सोडायचा, काही तास भिजू द्यायचं आणि मग विरघळलेल्या मेणासकट तो उत्पादनाबरोबर वर ओढून घ्यायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात तीन खाचखळगे आहेत.

पहिला असा, की नळीत बसलेला गाळ नुसत्या मेणाचा असेलच असं नाही. डांबराच्या जातीचा अ‍ॅस्फाल्टीन नावाचा काळा, जड पदार्थही त्यात असू शकतो. पेंटेनसारखे हलके पॅराफिनी विद्रावक मेणाला बरे, पण अ‍ॅस्फाल्टीन त्यात विरघळत नाही. उलट तेलातून आणखी बाहेर पडून साचतं. झायलीन आणि टोल्यूइन दोन्हींवर चालतात. म्हणून जाणकार आधी त्या गाळाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात आणि मगच विद्रावक ठरवतात.

दुसरा खळगा म्हणजे मेण उत्तम विरघळतं म्हणून वाटेल ते वापरता येत नाही. कार्बन डायसल्फाइड हा मेणाचा फार चांगला विद्रावक, आणि एके काळी तो विहिरींत वापरलाही जाई. पण तो विषारी, आणि वाफेच्या तापलेल्या नळीचा नुसता स्पर्श झाला तरी पेट घेणारा. कार्बन टेट्राक्लोराइड पेटत नाही, मेणही विरघळवतो. पण त्यातलं क्लोरीन पुढे रिफायनरीत जाऊन महागडे उत्प्रेरक निकामी करतं आणि पोलाद कुरतडतं. म्हणून क्लोरीनयुक्त विद्रावक विहिरीत घालायला मनाई असते.

तिसरा खळगा गरम तेलाचा. विद्रावकाऐवजी तापवलेलं तेल विहिरीत ओतण्याची पद्धत स्वस्त आणि जुनी आहे. पण ते तेल खाली पोचेपर्यंत गार होतं, आणि वर वितळलेलं मेण तळाशी जाऊन खडकाच्या छिद्रांत बसण्याचा धोका असतो. मग नळी मोकळी होते आणि विहीर आटते.

आपल्याकडे एक निराळा उपायही चालतो. मेण खाणारे जिवाणू विहिरीत सोडतात. नवी दिल्लीच्या ‘टेरी’ या संस्थेने अशा जिवाणूंचे मिश्रण तयार केलं आणि ओएनजीसीबरोबर ओएनजीसी टेरी बायोटेक ही कंपनी त्यातून उभी राहिली. जिवाणू लांब साखळ्या तोडतात आणि नळी मोकळी राहते.

प्र. सगळंच तेल एकदा सॉल्व्हंटने धुऊन का घेत नाहीत?

आधी हिशेब पाहू. विद्रावकाने मेण वेगळं करायचं, तर तेलाच्या एका भागाला विद्रावकाचे साधारण दोन ते चार भाग लागतात. मंगला क्षेत्रातून भराच्या काळात दिवसाला लाखाहून जास्त बॅरल तेल निघत असे. म्हणजे दिवसाला दोन ते चार लाख बॅरल विद्रावक फिरवत ठेवायचा. तो तेलासकट शून्याच्या खाली गार करायचा, गाळायचा, मग उकळवून परत मिळवायचा. एवढी थंडी आणि एवढी उष्णता रोज निर्माण करण्यापेक्षा पाईपलाईन गरम ठेवणं कितीतरी स्वस्त पडतं.

पण पैशापेक्षा मोठं कारण दुसरंच आहे. कच्च्या तेलातलं मेण हा कचरा नाही. सोळा कार्बनच्या ज्या साखळीचा उल्लेख वर आला, तिचंच दुसरं नाव सीटेन. डिझेल इंजिनात किती सहज पेटतं हे मोजताना तिला १०० गुण देतात आणि बाकी सगळ्यांची तुलना तिच्याशी करतात. म्हणजे सरळ साखळ्या डिझेलला हव्याच असतात. त्याहून लांब साखळ्या रिफायनरीतल्या उत्प्रेरकी भंजन विभागात जातात. तिथे त्या तोडून त्यांचा स्वयंपाकाचा गॅस आणि पेट्रोल करतात, आणि मेणचट तेल या कामाला फार चांगलं. विहिरीवरच मेण काढून टाकलं, तर पुढे मिळणाऱ्या इंधनाचा तेवढा वाटा आपणच कमी केला, असं होईल.

प्र. मग रिफायनरीत मेण काढावंच का लागतं?

वंगणासाठी. इंजिन ऑइल, गिअरचं तेल, ट्रान्सफॉर्मरचं तेल यांना थंडीतही वाहता आलं पाहिजे. पहाटे गाडी सुरू करताना तेल थिजलेलं असेल, तर इंजिनाच्या भागांना ते मिळणारच नाही आणि घर्षणाने इंजिन खराब होईल. म्हणून वंगणासाठी जो जड भाग निर्वात ऊर्ध्वपातनाने वेगळा करतात, त्यातलं मेण काढावंच लागतं. इथेच विद्रावकाची खरी करामत दिसते.

प्र. ती पद्धत कशी चालते?

आधी त्या जड तेलातले नको असलेले सुगंधी जातीचे रेणू फरफ्युरलसारख्या दुसऱ्या एका विद्रावकाने धुऊन टाकतात. उरलेलं तेल मेणाने भरलेलं असतं. त्यात मिथाइल इथाइल कीटोन आणि टोल्यूइन यांचं मिश्रण घालतात. कारखान्यात पहिल्याला सरसकट ‘एमईके’ म्हणतात. मिश्रण आधी गरम करून एकजीव करतात, आणि मग दुहेरी भिंतीच्या पाईपांतून सावकाश गार करत नेतात. पाईपच्या आत फिरती पाती भिंतीवरचं मेण सतत खरवडत असतात, नाहीतर पहिल्या तासातच सगळं तुंबेल.

दोन विद्रावक का लागतात, ते पाहण्यासारखं आहे. एमईकेला मेणाचं वावडं. गार झाल्यावर तो मेणाला जवळजवळ विरघळवतच नाही, त्यामुळे मेणाचा कण न् कण स्फटिक होऊन बाहेर येतो. पण एकटा एमईके एवढ्या थंडीत तेलालाही पुरता सामावून घेत नाही. तेलाचा वेगळा थर पडू लागतो. तिथे टोल्यूइन कामाला येतो. तो तेलाला विरघळलेलं ठेवतो. दोघांचं प्रमाण तेलाच्या जातीप्रमाणे जुळवतात. एमईके जास्त झाला तर मेणात तेल अडकतं, टोल्यूइन जास्त झाला तर तेलात मेण राहतं. हे दोन्ही द्रव उणे ८० अंशांच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाहीत, त्यामुळे उणे २० अंशांच्या आसपास गार करायला अडचण येत नाही. आणि एमईके ८० अंशांना, टोल्यूइन १११ अंशांना उकळतो, म्हणून शेवटी जड तेलातून ते उकळवून सहज वेगळे होतात. पूर्वी टोल्यूइनच्या जागी बेंझीन वापरत. पण ते कर्करोगकारक, शिवाय साडेपाच अंशांनाच गोठणारं, म्हणून मागे पडलं.

गार झालेलं हे दाट मिश्रण मोठ्या फिरत्या पिंपाच्या गाळणीवर येतं. पिंपावर कापड ताणलेलं असतं आणि आतून निर्वात ओढ असते. तेल आणि विद्रावक कापडातून आत जातात, मेणाचा थर बाहेर चिकटतो. त्यावर थंड विद्रावक फवारून अडकलेलं तेल धुतात आणि मग एक पातं तो थर उचलून काढतं. हे सगळं नायट्रोजनसारख्या निष्क्रिय वायूच्या आच्छादनाखाली चालतं, कारण त्या वाफांना हवा आणि एक ठिणगी मिळाली तर स्फोट ठरलेला. गार करण्याची गतीही जपावी लागते. घाईने गार केलं तर स्फटिक अतिशय बारीक होतात आणि गाळणीचं कापड बुजतं.

मेण अगदी शेवटच्या कणापर्यंत काढत नाहीत, हेही सांगायला हवं. सरळ साखळ्यांचा एक गुण वंगणाला हवा असतो. तापमान चढलं तरी त्या तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. मेण जितकं जास्त काढाल तितका हा गुण कमी होतो आणि तेलाचा उताराही घटतो. थंडीत वाहण्यापुरतं काढायचं आणि थांबायचं.

मुंबईकरांसाठी हे काही दूरचं नाही. चेंबूरजवळ माहुलला एस्सो आणि भारत सरकार यांच्या भागीदारीतला ‘लुब इंडिया’ हा वंगणाचा कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. १९७४ मध्ये एस्सो आणि लुब इंडिया एकत्र होऊन हिंदुस्तान पेट्रोलियम बनली. माहुलचा हा विभाग देशातला सर्वांत मोठा वंगण-शुद्धीकरण कारखाना म्हणून ओळखला जातो. चेन्नई आणि हल्दिया इथल्या रिफायनऱ्यांतही वंगण बनतं.

प्र. विद्रावकाच्या आधी काय करत होते?

जड तेल गार करून कापडातून दाबून गाळत, आणि राहिलेल्या मेणाच्या वड्या उबदार खोलीत ठेवून त्यांतलं तेल ठिबकू देत. मेणाचा घाम काढणं, असंच त्याला म्हणत. काम संथ आणि मजुरीचं. तरी याच जुन्या वळणाने मेणाचा धंदा उभा राहिला. १८५०च्या दशकात लंडनची प्राइसेस पेटंट कँडल कंपनी ब्रह्मदेशातून ‘रंगूनचं तेल’ मागवून त्यातल्या मेणाच्या मेणबत्त्या बनवत असे. आसामात दिग्बोईची रिफायनरी १९०१ मध्ये सुरू झाली, आणि तिचं मेण पुढे कित्येक दशकं नाव मिळवून होतं. विद्रावकाने मेण काढण्याची पद्धत १९२०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आली. थोड्याच वर्षांत दुसरी एक पद्धतही रूढ झाली, तिच्यात प्रोपेन हाच विद्रावक आणि तोच गारवा देणारा.

प्र. विद्रावकाशिवाय मेण काढता येतं का?

येतं. एका उपायातला पदार्थ शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. युरियाचे स्फटिक सरळ साखळीभोवती बोगदा बांधून तिला आत घेतात, फांदी फुटलेल्या रेणूला मात्र त्यात जागा नसते. जर्मनीतल्या बेंगेन यांना १९४० मध्ये हे आढळलं, आणि ट्रान्सफॉर्मरच्या तेलासारख्या ठिकाणी ही युक्ती वापरली गेली.

आजचा मोठा प्रतिस्पर्धी उत्प्रेरकी पद्धत. झिओलाइट जातीच्या उत्प्रेरकाची छिद्रं इतकी नेमकी असतात, की सरळ साखळ्याच आत शिरू शकतात. पहिल्या पिढीचे उत्प्रेरक त्या साखळ्या तोडत. नंतरचे त्यांना न तोडता फांद्या फोडतात. रेणूतले अणू तितकेच राहतात, फक्त रेणू थिजेनासा होतो, आणि तेलाचा उतारा वाया जात नाही. हल्दियात असा विभाग आहे. नवे वंगण-कारखाने बहुधा हाच रस्ता धरतात.

तरीही विद्रावकाचे कारखाने बंद झालेले नाहीत. उत्प्रेरकाने मेणाचं रूपच बदलतं, मेण हाती येत नाही. विद्रावकाने ते मेण म्हणून मिळतं आणि विकता येतं.

प्र. काढलेलं मेण जातं कुठे?

गाळणीवर मिळालेल्या मेणात बरंच तेल असतं. त्याला स्लॅक वॅक्स म्हणतात. विद्रावकात पुन्हा एकदा, थोड्या जास्त तापमानाला धुऊन त्यातलं तेल अर्ध्या टक्क्याच्या खाली आणलं, की पांढरंशुभ्र पॅराफिन मेण तयार होतं. मेणबत्त्या हा त्याचा मोठा वापर. आगपेटीच्या काड्या मेणात बुडवलेल्या असतात, म्हणून गुलाकडून ज्योत लाकडाला धरते. मेणकापड, मेणाचा कागद, लहान मुलांचे क्रेयॉन, टायरच्या रबराला ओझोनपासून जपणारा थर, फळांवरचं आणि चीजवरचं लेपण, सौंदर्यप्रसाधनं, सगळीकडे ते असतं. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माऊलीच्या जत्रेत नवसाचे मेणाचे हात, पाय आणि घरं विकायला असतात. ते मेणही आज बहुधा अशाच कारखान्यांतून आलेलं असतं.

आसामात नुमालीगड रिफायनरीने वर्षाला ५० हजार टन मेण बनवणारा कारखाना उभा केला. तो ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. त्याचं विद्रावकाचं तंत्र देहरादूनची भारतीय पेट्रोलियम संस्था, इंजिनिअर्स इंडिया आणि नुमालीगड यांनी मिळून इथेच विकसित केलं आहे.

प्र. डिझेलमध्येही मेण राहतं ना? थंड प्रदेशात त्याचं काय करतात?

राहतं. लडाखमध्ये हिवाळ्यात साधं डिझेल गोठून गाळण्या बुजत, आणि चालक त्यात रॉकेल मिसळत. तेही एक प्रकारे घरगुती विद्रावकच. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. पानिपत रिफायनरीत बनलेलं हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं.

शेवटी आपल्यासाठी दोन शब्द : हे वाचून कुणी घरी थिनरने मेण विरघळवण्याचा प्रयोग करू नये. टोल्यूइन आणि झायलीन यांच्या वाफा डोक्यात भिनतात आणि ठिणगीसरशी पेटतात. मोटरसायकलच्या ऑइलच्या डब्यावरचा ‘२०डब्ल्यू-४०’ हा आकडा मात्र जरूर पाहावा. त्यातलं ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचं, आणि थंडीत वाहण्याचा तो गुण बराचसा तेलातलं मेण काढल्यामुळे आलेला असतो. बाकी आपल्या उरणला लागणाऱ्या तेलातलं मेण कुणी विहिरीवर काढत नाही, आणि काढूही नये. ते पाईपलाईनमधून पुढे रिफायनरीत जातं आणि त्याचा मोठा भाग पेट्रोल, डिझेल आणि स्वयंपाकाचा गॅस होऊन आपल्याच उपयोगी पडतो.